सूर्यावरचा तीळ: शुक्राच्या अधिक्रमणाच्या मोहिमा आणि सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

गच्चीवर दुर्बीण लावली की जिना चढून येणारे सगळे आधी चंद्र मागतात, मग शनीची कडी. नंतर चहा येतो आणि प्रश्न सुरू होतात. २००४ साली शुक्र सूर्यावरून गेला, तेव्हापासून या प्रश्नांत अधिक्रमणाचा विषय कायमचा शिरला आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरे एकदाची लिहून ठेवतो. काही लांबली आहेत. लांबलेली उत्तरे माझ्या आवडीच्या प्रश्नांची आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

अधिक्रमण म्हणजे ग्रहणच ना?

जात तीच, पण आकार फार लहान. सूर्यग्रहणात चंद्र आडवा येतो आणि बिंब झाकतो. अधिक्रमणात बुध किंवा शुक्र आडवा येतो, पण तो इतका दूर असतो की सूर्याच्या तोंडावर काळा तीळ दिसावा एवढाच भासतो. शुक्राचा ठिपका सूर्यबिंबाच्या साधारण बत्तिसाव्या भागाएवढा रुंद. उजेड कमी होत नाही, पाखरे घरट्याकडे वळत नाहीत, मार्केट यार्डात कुणी मान वर करून बघतही नाही. मंगळ, गुरू, शनी आपल्याला असे कधीच दिसायचे नाहीत, कारण ते आपल्या बाहेरच्या अंगाने फिरतात.

शुक्र दर दीड-पावणेदोन वर्षांनी आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येतो म्हणता. मग अधिक्रमण शंभर वर्षांत एकदा का?

मध्ये येतो हे खरे, दर ५८४ दिवसांनी. पण त्याची कक्षा आपल्या कक्षेशी ३.४ अंशांनी कललेली आहे. दोन पराती एकमेकींत थोड्या तिरक्या बसवल्या तर त्यांचे काठ दोनच जागी एकमेकांना छेदतात, तसे. शुक्र नेमका त्या छेदाजवळ असताना आपणही त्याच रेषेत असलो, तरच तो बिंबावर दिसतो. एरवी तो सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. ती दोन ठिकाणे सध्या जूनच्या आणि डिसेंबरच्या सुरुवातीला जुळतात.

पृथ्वीच्या आठ वर्षांत शुक्राच्या जवळपास तेरा फेऱ्या होतात, म्हणून अधिक्रमणे आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात. जोडी झाली की मग एकशे साडेपाच किंवा एकशे साडेएकवीस वर्षांची सुट्टी. १६३१ आणि १६३९, १७६१ आणि १७६९, १८७४ आणि १८८२, २००४ आणि २०१२. विसावे शतक पूर्ण कोरडे गेले.

पंचांगात ‘शुक्राचा अस्त’ असतो, त्यात लग्ने धरत नाहीत. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, आणि हा प्रश्न सोलापुरात येणारच. दाते पंचांगाचे गाव आहे हे. शुक्र सूर्याच्या फार जवळ आला की संधिप्रकाशात दिसेनासा होतो, तो त्याचा अस्त. हे दोन प्रकारे घडते: एकदा तो सूर्याच्या पलीकडे जातो, तेव्हा बरेच दिवस दिसत नाही, एकदा अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला येतो, तेव्हा थोड्याच दिवसांत पश्चिमेचा शुक्र पूर्वेला उगवतो. अधिक्रमण झालेच तर या दुसऱ्या, छोट्या अस्ताच्या ऐन मध्यावर होते. म्हणजे ज्या दिवशी पंचांग शुक्र दिसणार नाही म्हणते, त्याच दिवशी तो भर दुपारी सूर्यावर दिसतो. मला या विरोधाभासाची फार गंमत वाटते.

सुतक, वेध काही पाळायचे का?

नाही. ग्रहणाचे वेध सूर्य-चंद्राच्या ग्रहणाला. अधिक्रमणाला जेवणखाण, झोप, गरोदर बायकांचे फिरणे, सगळे चालू ठेवा. डोळे मात्र सांभाळा, त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

एक काळा ठिपका बघायला लोक सहा-सहा महिने जहाजाने का गेले? घरच्या गच्चीवरून बघता आले नसते?

बघता आले असते, पण एका गच्चीवरून बघून काम होत नव्हते. सगळी मेख इथेच आहे.

अठराव्या शतकापर्यंत ग्रहांचा नकाशा माणसाच्या हाती होता, पण त्या नकाशाला प्रमाण नव्हते. खगोलविद केपलरच्या नियमावरून इतके कळत होते की पृथ्वी-सूर्य अंतर १ धरले तर शुक्र-सूर्य अंतर ०.७२ येते, गुरूचे ५.२. पण तो १ म्हणजे किती कोस? एक अंतर मोजता आले की बाकीची सगळी आपोआप मिळणार होती.

हाताचा अंगठा समोर धरा आणि एकदा उजवा, एकदा डावा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकलेला दिसतो. याला लंबन म्हणतात. दोन डोळ्यांतले अंतर माहीत असेल आणि अंगठा किती सरकला ते मोजता आले, तर अंगठा किती दूर आहे ते काढता येते. आता एक डोळा नॉर्वेच्या टोकाला ठेवा आणि दुसरा दक्षिण समुद्रात. अंगठा म्हणजे शुक्र, भिंत म्हणजे सूर्य. दोन्ही ठिकाणांहून शुक्र सूर्यावरून थोड्या वेगळ्या रेषेने जाताना दिसतो: एकीकडे रेष लांब, एकीकडे आखूड. १७६९ साली नॉर्वेच्या उत्तर टोकाला आणि ताहिती बेटावर शुक्राला सूर्य ओलांडायला लागलेल्या वेळेत वीस मिनिटांहून जास्त फरक पडला होता. त्या मिनिटांतून सूर्याचे अंतर निघते.

मोजायचा कोन किती बारीक? सूर्याचे लंबन ८.७९ विकला आहे (एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक भाग म्हणजे एक विकला). रुपयाचे नाणे अर्ध्या किलोमीटरवरून जेवढे दिसेल, साधारण तेवढे. तो कोन सरळ मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते, पण मिनिटे आणि सेकंद मोजणारे घड्याळ होते. लोक दुर्बिणीचे कौतुक करतात. या मोहिमांचे खरे हत्यार लंबकाचे घड्याळ होते.

ही युक्ती कुणाच्या डोक्यातून आली?

एडमंड हॅलीच्या, धूमकेतूवाल्या. तरुणपणी, १६७७ साली, सेंट हेलेना बेटावर असताना त्याने बुधाचे अधिक्रमण पाहिले आणि ही कल्पना सुचली. बुध फार लहान आणि दूर, त्यामुळे शुक्र बरा, हे त्याने ओळखले. १७१६ साली रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेपुढे त्याने सविस्तर योजना मांडली आणि १७६१ साली जगभर पथके पाठवा असे सांगून ठेवले. आपण तोवर जगणार नाही हे त्याला ठाऊक होते. १७४२ साली तो गेला.

हॅलीच्या आधी शुक्राचे अधिक्रमण पाहिलेली दोनच माणसे नोंदलेली आहेत. केपलरने १६३१ सालचे भाकीत केले होते, पण तो आदल्याच वर्षी वारला आणि युरोपात ते दिसलेही नाही. हिंदुस्थानात ते भर सकाळी दिसण्याजोगे होते, पण दख्खनमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ होता. सूर्याकडे कोण बघतो! १६३९ सालचे अधिक्रमण जेरेमाया हॉरॉक्स नावाच्या विशीतल्या इंग्रज मुलाने स्वतः गणित करून शोधले. सूर्य मावळायला अर्धा तास असताना ढग फाटले आणि त्याने कागदावर पाडलेल्या प्रतिमेत शुक्र पाहिला. दुसरा त्याचा मित्र विल्यम क्रॅबट्री. हॉरॉक्स बाविसाव्या वर्षी वारला.

आणखी एक नाव आपल्या बाजूचे म्हणून सांगतो. जेरेमाया शेकर्ली हा इंग्रज १६५१ साली बुधाचे अधिक्रमण बघायला थेट सुरतेत आला होता. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याच्या तेरा वर्षे आधीची ही गोष्ट.

घड्याळ होते तर मग अडचण काय होती?

घड्याळ होते, पण ‘किती वाजले’ या प्रश्नाला ‘कुठे’ हा जोड प्रश्न असतो. सोलापुरातलेच बघा. आपले घड्याळ प्रमाणवेळ दाखवते, ती ८२.५ अंश रेखांशाची. सोलापूर ७५.९ अंशांवर. म्हणून आपल्याकडे सूर्य सरासरी बारा वाजून सव्वीस मिनिटांनी माथ्यावर येतो. मुंबईत त्याहून आणखी बारा मिनिटांनी. जुने सोलापूरकर गिरणीच्या भोंग्यावर घड्याळे लावायचे, आणि भोंगा चुकला की अख्खे गाव चुकायचे. आता अशी कल्पना करा की तुम्ही अशा बेटावर उतरला आहात जिथे भोंगाच नाही, आणि त्या बेटाचा रेखांशही कुणाला नीट ठाऊक नाही.

हॅलीच्या पद्धतीत शुक्राचा प्रवेश (बिंबावर येणे) आणि निर्गम (बिंबावरून बाहेर पडणे) दोन्ही बघावे लागत, म्हणजे पाच-सहा तास आकाश निरभ्र हवे. फायदा हा की वेळेचा फक्त कालावधी लागतो, रेखांश अगदी नेमका नसला तरी चालतो. फ्रेंच खगोलविद दलील याने सुधारणा सुचवली: दोघांनी एकच क्षण टिपावा, फक्त प्रवेश किंवा फक्त निर्गम. निम्मे ढग असले तरी काम भागते, पण मग रेखांश बिनचूक हवा. म्हणून ही मंडळी महिनोन्महिने आधी पोचून गुरूचे चंद्र आणि ग्रहणे बघत बसायची; आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत हे आधी ठरवायचे, मग शुक्राकडे वळायचे.

तो एक फ्रेंच माणूस भारतात अकरा वर्षे अडकला होता म्हणतात, ते खरे का?

अकरा वर्षे भारतात नव्हे, पण घराबाहेर होता खरा. गीयोम ल जांती त्याचे नाव. ही कथा मी सर्वांत जास्त वेळा सांगितली आहे आणि अजूनही कंटाळा येत नाही.

मार्च १७६० मध्ये तो फ्रान्सहून निघाला. जायचे होते पुदुच्चेरीला, ती तेव्हा फ्रेंचांची. जुलैत मॉरिशसला पोचला तर पुढे युद्ध. इंग्रज आणि फ्रेंच सात वर्षांचे युद्ध लढत होते. पुढचे जहाज मिळायला मार्च १७६१ उजाडला. मलबार किनाऱ्यावर माहेजवळ आल्यावर बातमी कळली, की पुदुच्चेरी जानेवारीतच इंग्रजांनी घेतली. जहाज माघारी वळले. ६ जून १७६१ रोजी आकाश निरभ्र होते आणि ल जांती भर समुद्रात डुलणाऱ्या जहाजावर होता. त्याने शुक्र पाहिला, वेळही टिपली. पण लंबकाचे घड्याळ डुलत्या जहाजावर चालत नाही आणि रेखांशाचा पत्ता नाही, त्यामुळे त्या नोंदीचा उपयोग शून्य. डोळ्यांना सगळे दिसले आणि हाती काही लागले नाही. ‘कुठे’ आणि ‘किती वाजता’ ही दोन उत्तरे नसली की नोंदीला किंमत नसते, हे याहून चांगले कुणी समजावू शकणार नाही.

मग त्याने ठरवले, आठ वर्षे थांबायचे. मधल्या काळात मादागास्करचे नकाशे केले, मनिलाला जाऊन वेधशाळेची तयारी केली. तिथल्या स्पॅनिश गव्हर्नराला त्याचा संशय येऊ लागला. तोवर तहानंतर पुदुच्चेरी फ्रेंचांना परत मिळाली होती, म्हणून १७६८ साली तो तिथे आला. पडक्या किल्ल्याच्या अवशेषांवर वेधशाळा उभी केली. मद्रासच्या इंग्रजांनी, कालपरवाच्या शत्रूंनी, त्याला चांगली दुर्बीण वापरायला दिली. रिकाम्या वेळात तो एका तमिळ जाणकाराकडून आपल्याकडची ग्रहणगणिताची रीत शिकला. ३० ऑगस्ट १७६५ चे चंद्रग्रहण त्याने त्या गृहस्थाकडून करून घेतले. ग्रहणाच्या कालावधीत चूक निघाली अवघी ४१ सेकंदांची, आणि तेव्हाच्या नावाजलेल्या युरोपीय कोष्टकांची चूक त्याहून मोठी, ६८ सेकंदांची. हे तो स्वतः लिहून ठेवतो, म्हणून मला तो माणूस आवडतो.

४ जून १७६९ ची पहाट. अख्खा मे महिना सकाळी आकाश स्वच्छ असायचे. भारतात त्या वेळी फक्त निर्गम दिसणार होता, सूर्य उगवल्यावर तासाभराच्या आत-बाहेर. आणि नेमके तेव्हाच ढग आले. शुक्र निघून गेल्यावर ऊन पडले. ज्या मनिलातून तो निघून आला होता, तिथे आकाश निरभ्र होते.

परतीच्या वाटेवर आजारपण, वादळ. ऑक्टोबर १७७१ मध्ये घरी पोचला तर नातेवाइकांनी त्याला मेला समजून इस्टेटीची वाटणी काढलेली आणि फ्रेंच विज्ञान अकादमीतली जागा दुसऱ्याला दिलेली. शेवट बरा झाला: जागा परत मिळाली, लग्न केले, मुलगी झाली.

बाकीच्यांना तरी यश आले का?

कुणाला आले, कुणाला महागात पडले. मेसन आणि डिक्सन हे दोघे इंग्रज सुमात्राला निघाले. इंग्लंडच्या खाडीतच फ्रेंच युद्धनौकेने गाठले, जहाजावरची अकरा माणसे मेली. दोघांनी कळवले, आम्ही जात नाही. रॉयल सोसायटीने कोर्टाची धमकी दिली आणि ते निमूट निघाले. उशीर झाल्याने आफ्रिकेच्या टोकाला उतरले, आणि नशीब बघा, दक्षिण गोलार्धातली १७६१ ची उत्तम नोंद त्यांचीच ठरली.

शाप द’ओत्रोश हा फ्रेंच पाद्री सैबेरियातल्या तोबोल्स्कला गेला. नद्यांचा बर्फ वितळायच्या आत घसरगाडीने ओलांडायच्या होत्या. पोचला तर नदीला पूर आला आणि लोक म्हणू लागले, हा परका सूर्याशी काहीतरी करतो आहे म्हणून पूर आला. पहारेकरी ठेवून वेध घ्यावा लागला. १७६९ साली तोच माणूस मेक्सिकोच्या बाजूला बाहा कॅलिफोर्नियाला गेला. तिथे साथ पसरली होती. त्याने दूर जायचे नाकारले, वेध पूर्ण केला आणि दोन महिन्यांच्या आत तो वारला. वह्या मात्र पॅरिसला पोचल्या.

कॅप्टन कुक ताहितीला पोचला, किल्ला बांधला, तरीही कोन मोजायचे यंत्र चोरीला गेले आणि शोधून आणावे लागले. वेध झाला. खिशात दक्षिणेकडचा अज्ञात खंड शोधण्याचा गुप्त हुकूम होता, तो पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

आणि मॅक्सिमिलियन हेल, नॉर्वेच्या वार्डोहून बघणारा. त्याच्या मृत्यूनंतर व्हिएन्नाच्या लिट्रो नावाच्या खगोलविदाने आरोप केला, की हेलने आकडे मागाहून खाडाखोड करून घातले, शाईचा रंगच वेगळा आहे. जवळजवळ पन्नास वर्षे बिचाऱ्याचे नाव खराब राहिले. मग अमेरिकेच्या सायमन न्यूकमने ती वही स्वतः तपासली आणि आरोप खोटा ठरवला. लिट्रोला रंगांधळेपणा होता!

‘काळा थेंब’ काय भानगड आहे?

अंगठा आणि तर्जनी डोळ्यासमोर, उजेडाकडे धरून हळूहळू जवळ आणा. चिकटण्याच्या थोडे आधीच मध्ये एक काळी साखळी जोडल्यासारखी दिसेल. शुक्र सूर्याच्या आतल्या कडेला लागतो तेव्हा तसेच होते. ठिपका थेंबासारखा ओढला जातो, आणि कड नेमकी कधी सुटली हे सांगता येत नाही. हवेचे थरथरणे, दुर्बिणीचा धूसरपणा आणि सूर्याची कडेला कमी होणारी चमक यांची ही बेरीज. ताहितीवर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या कुक आणि त्याच्याबरोबरचा खगोलविद ग्रीन यांच्या वेळा जुळल्या नाहीत. जगभर फिरून, माणसे गमावून, शेवटी घोडे या थेंबाशी अडले.

शेवटी अंतर किती निघाले?

१७६१ च्या नोंदींवरून साडेबारा कोटी किलोमीटरपासून जवळजवळ सोळा कोटीपर्यंत काहीही. १७६९ नंतर आकडे आवळले. फ्रेंच खगोलविद लालांद याने १५.३ कोटी काढले. आज ठरलेला आकडा १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर. काही लोक या मोहिमा फसल्या म्हणतात, ते मला पटत नाही. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी, लाकडी जहाजाने जाऊन, दोन-तीन टक्क्यांच्या आत सूर्य मोजला. आपल्याकडे प्लॉटची मोजणी यापेक्षा जास्त चुकते.

१८७४ साली भारतात काय झाले?

९ डिसेंबर १८७४ चे अधिक्रमण भारतातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसले. रुरकीला कर्नल टेनंट यांचे पथक होते. इटलीहून खगोलविद ताकिनी बंगालमध्ये मद्दापूरला आले आणि त्यांनी वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारे यंत्र) शुक्रावर रोखून त्याच्या वातावरणाचा मागोवा घेतला.

माझा जीव अडकतो तो आपल्या माणसांत. मद्रास वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी यांनी या अधिक्रमणावर पुस्तिका लिहिली, इंग्रजीत आणि देशी भाषांतही, पंडित-पंचांगकर्त्यांना कळावी अशी. विशाखापट्टणमला नरसिंगराव यांनी स्वतःच्या घरच्या वेधशाळेतून पाहिले. ओडिशात खंडपाड्याचे पठाणी सामंत यांनी दुर्बिणीशिवाय, स्वतः बनवलेल्या साधनांनी नोंद केली.

तेव्हा सोलापुरातून दिसले असेल का?

आजच्या घड्याळाने सकाळी सव्वासातनंतर ते बाराच्या आत. डिसेंबरची सकाळ, हुरड्याचे दिवस जवळ आलेले. दिसण्याजोगे नक्कीच होते.

आपल्या जिल्ह्यात अशी एखादी मोहीम कधी आली होती का?

आली होती, आणि हे सांगितल्यावर करमाळ्याचे लोक हमखास खुर्ची पुढे ओढतात. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण. अधिक्रमण नव्हे, पण मोहिमेची कला तीच. जेऊर, तालुका करमाळा. (अक्कलकोट तालुक्यातही एक जेऊर आहे, ते नव्हे.) रेल्वे स्टेशन हाताशी आणि जानेवारीची कोरडी हवा, म्हणून जेऊरच्या माळावर तंबू पडले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल पत्नीसह आले, बरोबर चाळीस फूट लांबीचा कॅमेरा. जपानचे पथक आले. पुण्याहून प्राध्यापक कावसजी नेगमवाला आले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनी उभी केली होती. मुंबई-पुण्यात प्लेग चालू होता, तशातच हे सगळे. आणि हे सर्व खग्रास स्थितीच्या जेमतेम दोन मिनिटांसाठी. नेगमवालांचा जेऊरचा अहवाल पुढे छापला गेला. पुण्यातली मोठी दुर्बीण कालांतराने कोडाईकनालला गेली.

कॅम्पबेल यांनी पुढे १९२२ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्रहणात आइन्स्टाइनच्या सिद्धांताची खातरजमा केली. त्या माणसाने चाळीस फुटी कॅमेरा आपल्या जेऊरला रोवला होता. आज उजनीच्या फुगवट्याकडे जाताना तिथून किती गाड्या जातात!

हेलियम विजयदुर्गला सापडला ना?

नाही. हेलियमची गोष्ट ज्याच्याशी जोडतात त्या १८६८ च्या सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलविद जान्सेन गुंटूरला होते, आणि ज्यांचे नाव विजयदुर्गशी जोडतात ते इंग्रज खगोलविद लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले १८९८ साली, जेऊरच्याच ग्रहणाला. किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे तेव्हाचे. तीस वर्षांची गल्लत आहे. हे सांगितल्यावर कोकणातले मित्र रागावतात, पण इलाज नाही.

तुम्ही स्वतः पाहिलेत?

२००४ चे पूर्ण. ८ जून, सकाळी पावणेअकराच्या सुमारास सुरू, पाचच्या आत समाप्त. लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा चादरीच्या खोक्यात चिकटवलेल्या पांढऱ्या कागदावर घेतली होती. दुपारी ढग येऊन-जाऊन होते. गिरणीत आयुष्य काढलेले शेजारचे एक आजोबा बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “एवढाच? आणि एवढ्यासाठी माणसं मेली?” मग पुन्हा वाकून बघू लागले.

मी त्या दिवशी प्रवेशाची वेळ टिपली होती. संध्याकाळी लक्षात आले की गच्चीवरचे घड्याळ चार मिनिटे पुढे होते आणि नेमके कधीपासून, ते कुणालाच माहीत नव्हते. ती वही अजून आहे. ल जांतीची गोष्ट सांगताना काढतो.

२०१२ ला, ६ जूनला, सूर्य उगवला तेव्हा शुक्र आधीच बिंबावर होता. पूर्वेला ढगांचा थर. आठनंतर फट मिळाली, सव्वादहाच्या पुढे निर्गम झाला. या वेळी घड्याळ आकाशवाणीच्या ठोक्यांवर लावून ठेवले होते.

पुढचे शुक्राचे कधी?

११ डिसेंबर २११७. सोलापुरात सूर्य उगवताना शुक्र बिंबावर असेल आणि अकराच्या सुमारास बाहेर पडेल. त्यानंतरचे ८ डिसेंबर २१२५ चे भारतात सूर्यास्तानंतर होईल, म्हणजे दिसणार नाही. नातवंडांच्या नातवंडांना निरोप ठेवायचा तर पहिल्याचाच ठेवा.

आता अंतर रडारने मोजता येते, मग अधिक्रमणाचा काय उपयोग?

सूर्याचे अंतर मोजायला नाही. पण १९९९ पासून दूरच्या ताऱ्यांसमोरून त्यांचे ग्रह जाताना पकडले जाऊ लागले. ताऱ्याचा उजेड किंचित उणा होतो, त्यावरून ग्रह किती मोठा ते कळते. अवकाशातल्या केपलर दुर्बिणीने याच रीतीने हजारो ग्रह शोधले.

मग आमच्या हयातीत काहीच नाही?

आहे की! बुधाचे. शनिवार, १३ नोव्हेंबर २०३२. दुपारी सव्वाबाराच्या आसपास प्रवेश, साडेचारच्या पुढे निर्गम, पूर्ण अधिक्रमण सोलापुरातून दिसेल. पाऊस गेलेला, दिवाळी होऊन गेलेली, आकाशाची शक्यता जूनपेक्षा कितीतरी बरी. बुधाचा ठिपका सूर्याच्या दीडशेव्या भागाहूनही लहान, म्हणून ग्रहणाच्या चष्म्याने दिसणार नाही, दुर्बीण लागेल.

दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे बघायचे नाही, एकदाही नाही. पुढच्या तोंडाला नीट बसवलेली सूर्यगाळणी हवी, नाहीतर प्रतिमा कागदावर पाडा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यांतले काही चालत नाही. शोधदर्शकाला, म्हणजे दुर्बिणीवरच्या छोट्या दुर्बिणीला, टोपण घाला, मुले नेमकी त्यातून बघतात. प्लास्टिकची दुर्बीण प्रतिमेसाठी वापरू नका, आतले भाग वितळतात.

आणि मोबाईलची वेळ आदल्या दिवशी तपासून ठेवा. गच्चीचा अक्षांश-रेखांश वहीच्या पहिल्या पानावर लिहा, मगच बारा वाजता दुर्बीण लावा.